मार्था सिस्टरची पारख

मार्था सिस्टरच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की त्या आधी ती उलटी करून मागं काय लिहिलंय ते बघायच्या. बिस्किटाचा पुडा असो, चर्चचं कॅलेंडर असो, नाहीतर कुणाची लग्नपत्रिका. सारा जन्म औषधांच्या बाटल्यांवरची मुदत वाचण्यात गेलेला, सवय जाणार कुठे? समुपदेशनाचा अभ्यासक्रम संपवून मी पुण्याहून लोहाऱ्याला परतले आणि मोठ्या तोऱ्यात माझं प्रमाणपत्र त्यांच्यापुढं धरलं, तेव्हा तेही त्यांनी उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "पर मुदत लिवलेली न्हाय."

मला चांगलाच राग आला. अकरा घरांच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत एवढं शिकलेली मी पहिलीच. दोन शाळांमध्ये समुपदेशक म्हणून नेमणूकही झालेली. आणि ही बाई माझ्या प्रमाणपत्राकडे खोकल्याच्या औषधासारखं बघत होती!

'सिस्टर' ऐकून कुणी त्यांना मठातली जोगीण समजू नये. त्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा पुण्याला. बुटक्या, काळ्यासावळ्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आवाज असा की तहसीलच्या आवारात बोलल्या तर जीप स्टँडवर ऐकू यावं. तालुक्यातली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या हातांवर जन्मली होती आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. कचेरीतला एखादा मिशीवाला कारकून उद्या या म्हणाला की खिडकीतून आत डोकावून सांगत, "तू उलटा आला हुतास बाबा, लई तरास दिलास आईला. मला तरी नगो देऊ." बहुतेकदा कागद तेव्हाच मिळायचा.

निवृत्त झाल्यावर मंडळीनं त्यांना वडीलपदावर, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांत, बसवलं. बाईला वडील म्हणायचं का, यावर दोन रविवार चर्चा झाली. तिसऱ्या रविवारी सिस्टरनीच उठून सांगितलं, "काय म्हनायचं ते म्हना, पर लोकं माझ्याकडं येतेत, त्यांची सोय लावा." लोक खरंच यायचे. नवरा-बायकोचं भांडण, पोराचं दारू पिणं, परीक्षेत नापास झालेली मुलगी, सगळं त्यांच्या ओसरीवर. आणि तिथं त्यांची एक पद्धत होती. जुन्या सुती साड्या फाडून त्या बाळांसाठी दुपटी शिवायच्या. बोलायला आलेल्या माणसाला समोर कधी बसवत नसत, शेजारी बसवत आणि साडीचा काठ हातात देत. "धर हे टोक." माणूस टोक धरून बसे, त्या फाडत जात, आणि चर्रर्र आवाजात माणसाला तोंड फुटे. डोळे कापडावर, डोळ्यांत डोळे घालायचं काम नाही. मला अभ्यासक्रमात खुर्च्या किती अंशांत मांडाव्यात हे शिकवलं होतं. इथं एक बाई फाटक्या साडीवर ते काम भागवत होती.

मी नवी होते, त्यामुळे माझ्या पोतडीतल्या पद्धती मला एकेक करून सगळ्यांना दाखवायच्या होत्या. सिस्टर प्रत्येक पद्धत ऐकून घेत आणि मग दोनच गोष्टी विचारत. "ह्यात रोग कुठं हाय म्हनतेत? आन् बरं कोन करतं?" आवडलं तर म्हणत, "ठिवायचं." नाही आवडलं तर चष्मा काढून पदराला पुसत बसत.

पहिलाच चष्मा पुसला गेला तो आरशावरून. महिला सभेत मी बायकांना शिकवलं की रोज सकाळी आरशात बघून स्वतःला म्हणायचं, मी समर्थ आहे, मी पुरेशी आहे. सिस्टरनी ते खोटं ठरवण्यासाठी आठवडाभर इमानेइतबारे करून पाहिलं. पुढच्या सभेत त्यांनी अहवाल दिला.

"करुणा म्हनली तसं केलं. कवळी काढून केलं, कवळी घालून केलं. मला नुसतं हसू आलं. आगं, तान्ह्या लेकराला आई म्हनती ना, तू माझा हाईस, म्हनून त्याला बळ येतंय. दुसऱ्यानं म्हनलं म्हनून येतंय. त्या लेकरानं पाळन्यात पडून स्वतःलाच म्हनायचं व्हय, मी माझा हाय, मी माझा हाय? आन् म्या पुरेशी असते तर रोज सकाळी गुडघं टेकून कुणाला हाक मारते? देव म्हनतो तू माझी हाईस. ते ऐकावं. आरसा कुंकवाला ठिवा."

आमच्यातल्या कितीतरी बायका कुंकू लावत नाहीत, तरी सगळ्या हसल्या. मी सोडून.

दुसरी फजिती दाविदमुळे झाली. दाविद आमच्याच मंडळीतला, लोहारा–उमरगा जीप चालवायचा. स्वभावानं भला, पण तापट. प्रवासी पळवण्यावरून दुसऱ्या एका जीपवाल्याशी त्याची रोज जुंपायची. मी त्याला सांगितलं, राग आला की घरी जाऊन उशीवर बुक्क्या मार, राग बाहेर पडू दे. महिनाभरानं सिस्टरनी त्याला विचारलं तर म्हणाला, "राग काय जात न्हाय, पर उशी बदलावी लागली."

"जाईल कसा?" सिस्टर माझ्याकडे वळल्या. "रोज तालीम केल्यावर हात बसनारच की. उद्या उशी नसली तर?" आणि त्याला शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गोष्ट सांगितली की दिवस मावळायच्या आत राग मिटवायचा. दाविदनं ती शब्दशः धरली. आठवड्यातून दोनदा तरी तिन्हीसांजेला तो त्या जीपवाल्याच्या दारात जाऊन उभा राहायचा, "मिटवायला आलोय." तो गृहस्थ इतका कंटाळला की शेवटी दोघांनी फेऱ्या वाटून घेतल्या.

पण सिस्टर माझं सगळंच धुडकावून लावत होत्या असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. मनात आलेला विचार कागदावर लिहायचा आणि तो खरा आहे का ते तपासायचं, ही पद्धत त्यांना फार आवडली. "विचाराला धरून उभं करायचं आन् नाव-गाव इचारायचं. हे शास्त्रात बी हाय. ठिवायचं." फक्त पुढं एक पुस्ती जोडली: "तपासल्यावर तो विचार खराच निघाला तर? मानसानं खरंच वाईट केलं असंल तर? तुझ्या कागदावर त्याला जागा ठिव." मधे न बोलता ऐकायचं, हे तर त्यांना मी शिकवायची गरजच नव्हती. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, हे त्यांचं लाडकं उदाहरण. "तवर देवमानसं हुती. तोंड उघडलं आन् समदं घालवलं." हे त्या इतक्या वेळा म्हणत की मंडळीतली पोरंसुद्धा त्यांची नक्कल करायची.

आता सुनंदाचं सांगते.

सुनंदा दाविदची बायको. तिला मुलगी झाली आणि तिसऱ्या महिन्यात ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. जेवेना, केस विंचरेना. बाळ रडलं की नुसती बघत राही. मी तिला वही दिली, रोज तीन चांगल्या गोष्टी लिही म्हटलं. पहिल्या दिवशी तीन लिहिल्या, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशीचं पान कोरं होतं. सिस्टरनी वही चाळली आणि या खेपेला माझी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "वही चांगली हाय, पर ती चालत्या मानसासाठी. हिचा पाय मोडलाय. सोलापूरला न्यायला पायजे."

त्याच आठवड्यात बाहेरगावचे एक प्रचारक दोन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेला आले होते. सुनंदाची सासू सरूबाई तिला त्यांच्यापुढं घेऊन गेली. त्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की हा उदासीचा आत्मा आहे, घरात कुठलं तरी लपवलेलं पाप आहे, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. सिस्टर मागच्या चटईवरून उठल्या. गुडघे कटकन वाजले.

"भाऊ, तुमच्या खिशात ती पट्टी कशाची?"

प्रचारकांनी खिशावर हात ठेवला. पित्ताच्या गोळ्या होत्या.

"तुमचं पित्त गोळीनं उतरलेलं देवाला चालतं, मग हिचं मन का न्हाय चालायचं? एलीयासारखा संदेष्टा झुडपाखाली मरन मागत पडला. देवानं त्याला पाप इचारलं का? झोपू दिलं, भाकर दिली, परत झोपू दिलं. मग बोलला. आमी पन आधी झोप आन् भाकर बघनार, मग बोलनार."

सोमवारी दाविदची जीप सोलापूरला गेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, बाळाला पाजायला हरकत नाही म्हणाले. दीड महिन्यानं सुनंदा विहिरीवर धुणं घेऊन जाताना दिसली. मला पाहून हसलीसुद्धा.

मग एक दिवस ती सिस्टरच्या ओसरीवर साडीचं टोक धरून बसली आणि तिनं कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. आजारात एका दुपारी तिनं बाळाला शेतातल्या विहिरीच्या काठावर ठेवलं होतं आणि घरी निघून आली होती. घरी येऊन बसली. मग काय झालं कोण जाणे, धावत परत गेली. बाळ झोपलेलं होतं. सिस्टरनी तिला जवळ घेतलं, हे आजारपणात घडलं हे समजावलं, आणि तिच्या परवानगीनं डॉक्टरांच्या कानावर घातलं. इथवर सगळं बिनचूक.

पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची वेळ आली. आमच्याकडे त्या वेळी जो तो उठून मोठ्यानं प्रार्थना करतो, आणि दुसऱ्यांसाठीही करतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा कोर्टातला दावा, सगळं तिथंच कळतं. सिस्टर उठल्या. त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. डोळे मिटून, हात उंचावून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रभू, विहिरीच्या काठावर ठिवलेलं लेकरू तू राखलंस, त्याच्या आईला परत उभं केलंस!"

नाव घेतलं नव्हतं. पण अकरा घरांत तान्हं बाळ एकच. मी डोळे उघडले तर सगळ्यांचेच उघडे होते आणि सगळे एकाच दिशेला बघत होते. सुनंदा उठून बाहेर गेली. सरूबाई बाळाला छातीशी धरून तिच्यामागं न जाता दुसऱ्या दारानं गेली.

संध्याकाळपर्यंत सरूबाई नातीला घेऊन थोरल्या मुलाकडे ईट गावाला निघून गेली होती. "विहिरीवर ठिवनाऱ्या बाईपाशी म्या लेकरू ठिवनार न्हाय," एवढंच बोलली. रात्री दाविद माझ्याकडे आला. सुनंदा परत भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि गोळ्या तिनं मोरीत टाकल्या होत्या.

सकाळी मी सिस्टरकडे धावले. त्या ओसरीवर रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. इतकी वर्षं मी त्यांना पाहत आले, पण हात रिकामे त्या दिवशीच पाहिले. मला फार वाईट वाटलं, आणि मी जे शिकले होते ते म्हणाले.

"सिस्टर, तुमचा हेतू वाईट नव्हता. स्वतःला दोष देऊ नका. स्वतःला माफ करा."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"ह्यात रोग कुठं हाय म्हनतेस, करुणा?"

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"तू म्हनतेस रोग माझ्या वाटन्यात हाय. मला वाईट वाटतंय हाच रोग, ते वाटायचं थांबलं की म्या बरी. पर सुनंदाच्या मांडीवरचं लेकरू गेलंय. म्या हितं बसून स्वतःला माफ करू, आन् तिचं काय? खरा दोष हाय हा. तिचा नव्हता, तो आजार हुता. माझा मातर खरा हाय. खऱ्या दोषाला समजूत चालत न्हाय. जिचं नुकसान केलं तिच्या दारात जावं लागतं, आन् देवाच्या. चप्पल दे माझी."

सुनंदानं दार अर्धंच उघडलं. सिस्टर उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. "तू माझ्यापाशी ठिवलेलं म्या चार मानसांत सांगितलं. माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या. त्यापुढं 'पण' आला नाही, 'मला वाटलं' आलं नाही.

"सिस्टर, तुमी जावा," सुनंदा म्हणाली.

"जाते. माझ्यावरचा राग गोळीवर काढू नगो. दाविदनं नवी पट्टी आनलीय, ती घे."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही ईटला निघालो. धाराशिवला गाडी बदलली, भूमला बदलली. प्रत्येक पायरीवर त्यांचे गुडघे बोलत होते, त्या नाही. ईटला सरूबाई दारातच भेटली. बाळ वाटीतल्या दुधाला तोंड लावत नव्हतं, रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"तुमीच सांगितलं की समद्यांसमोर," सरूबाई म्हणाली. "तुमी नर्स हाव. तुमी खोटं कशाला बोलताल?"

"खोटं न्हाय बोलले. दुसऱ्याचं बोलले. ते पाप माझं हाय सरूबाई, ते माझ्या पदरात टाका. आता नर्स म्हनून सांगते ते ऐका. तापात मानूस बरळतं, त्याला आपन फाशी देतो का? तिला असलाच ताप हुता. गोळीनं उतरला हुता. आता तुमी लेकरू काढून घेतलंय, तिनं गोळी टाकलीय."

"आन् परत तिनं तसंच केलं तर? तुमी जबाबदारी घेता का?"

मला वाटलं सिस्टर हो म्हणतील. त्या मोठ्या धीराच्या होत्या. पण त्यांनी खोटा शब्द दिला नाही. "न्हाय घेत. एकटीनं घेन्यासारखी न्हायच ती. तुमी संग चला. म्हैनाभर तिच्याशेजारी बसा. लेकरू तिच्या मांडीवर, तुमी बाजूला. रातीला तुमी, दिवसा म्या. करुणा शाळा सुटल्यावर येईल."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली. सरूबाईनं रडणाऱ्या नातीला खांद्यावर घेतलं. मग आत जाऊन पिशवी भरायला लागली.

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा सुनंदा दारातच उभी होती. दाविदनं फोन केला होता. तिनं सासूच्या हातातून बाळ घेतलं, तिथंच खाली बसली आणि पदराआड घेतलं. सिस्टर गल्लीतच थांबल्या होत्या. वळून निघाल्या तशी सुनंदा मान वर न करता म्हणाली, "म्या अजून माफ केलेलं न्हाय."

"घाई न्हाय माय," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी त्या पुन्हा उभ्या राहिल्या, त्याच जागेवर. सुनंदा मागं बसली होती, सासूला खेटून. सिस्टरनी घडलेल्या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही.

"गेल्या आइतवारी म्या हितं चहाडी केली. डोळं मिटून देवाशी बोलत हुते, पर आवाज मोठा केला तो तुमच्यासाठी. देव काय बहिरा न्हाय. ज्यांनी ऐकलं त्यांनी ते माझं पाप म्हनून ध्यानात ठिवावं, दुसऱ्या कुणाचं म्हनून न्हाय. आन् मला वडीलपदावरनं उतरवा."

मंडळीनं उतरवलं नाही, त्या स्वतः उतरल्या. पुढं महिनाभर रोज सकाळी त्या सुनंदाकडे जात, दाराबाहेर बसून दुपटी शिवत, आणि संध्याकाळी परत येत. सुनंदा बोलत नसे. पंधरा दिवसांनी तिनं चहा बाहेर आणून ठेवला. पुढं कधीतरी त्या आत बसू लागल्या. माफ केल्याचं सुनंदानं तोंडानं कधी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी माझ्या कामात मात्र एक गोष्ट बदलली. कुणी ओझं घेऊन आलं की मी आधी बघते, ते खरं त्याचं आहे की दुसऱ्याचं, की आजाराचं. त्याचं असेल तर मी ते हलकं करून देत नाही, जिथं न्यायचं तिथपर्यंत त्याच्यासोबत जाते.

दोन वर्षांनी सिस्टरना पोटाचा आजार निघाला. नर्सच त्या, रिपोर्ट उलटा करून पाहायची गरज पडली नाही. मुलगा न्यायला आला, पण त्या लोहाऱ्यातच राहिल्या. मी रोज संध्याकाळी जायची. त्या धीट होत्या, येणाऱ्याला वचनं वाचून दाखवायला सांगत, डॉक्टरांची नक्कल करत. मंडळी म्हणायची, काय हा विश्वास!

एका दुपारी मी गेले तर सुनंदा त्यांच्या खाटेवर शेजारी बसली होती. सिस्टर तिचं मनगट धरून, अगदी हळू आवाजात काही सांगत होत्या. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या रडत होत्या. मी दारात थबकले. मदत करावी, निदान ऐकावं, म्हणून एक पाऊल आत टाकलं.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. उठली, दारापाशी आली आणि काही न बोलता माझ्या तोंडावर दार लोटून घेतलं. फटीतून मला सिस्टरचा हात दिसला, तिच्या परत येण्याची वाट बघत चादरीवर उघडा पडलेला. त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच. त्या आठवड्याच्या आतच त्या गेल्या.

वर्षभरानं मी धीर करून सुनंदाला विचारलं, त्या दिवशी सिस्टर काय सांगत होत्या?

ती मुलीची वेणी घालत होती. "ते सिस्टरचं हाय," म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.